रामटेके काकांचे दहा ते एक

माझ्या मुलीला दहापासून एकपर्यंत उलटं मोजायला शिकवायचं नाही, असं मी घरात सांगून ठेवलंय. सुलटं हवं तेवढं मोजा, शंभरपर्यंत मोजा, पाढे म्हणा. उलटं नाही. मागच्या महिन्यात इथल्या, म्हणजे चँडलरच्या, रविवारच्या मराठी शाळेत बाईंनी सगळ्या मुलांना गोल बसवलं आणि "दहा, नऊ, आठ" सुरू केलं. मी सरळ चपला घातल्या आणि बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. ॲरिझोनाचं ऊन, तेही दुपारी एकचं. नवरा मागोमाग आला. "यार, तू ठीक आहेस ना?" लेकीनं बाहेर आल्यावर निकाल दिला, "आई इज बीइंग सो वीअर्ड." होतेच मी वीअर्ड. त्या दोघांना रामटेके काका तुकड्या-तुकड्यांत माहीत आहेत. सलग मी कुणालाच कधी सांगितलं नाही. आज सांगून टाकते.

सुधाकर रामटेके. मूळचे नागपूरचे. मी त्यांना भेटले तेव्हा साठीला टेकलेले, बुटके, पोट थोडं पुढे, डोक्यावर कॉलेजची मरून रंगाची टोपी. जॉर्जियातल्या एका कॉलेजच्या फुटबॉल टीमचे ते मुख्य ॲथलेटिक ट्रेनर होते. कॉलेजचं नाव विचारू नका, सांगणार नाही. ट्रेनर म्हणजे खेळ शिकवणारा नव्हे. मैदानावर एखादा खेळाडू पडला आणि उठला नाही, की जो पहिला धावत जातो तो. आणि हे इथलं फुटबॉल, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं. शंभर किलोचा एक मुलगा पूर्ण वेगात शंभर किलोच्या दुसऱ्या मुलावर जाऊन धडकतो. तेही दर अर्ध्या मिनिटाला, आणि हजारो लोक टाळ्या वाजवतात. पहिल्या वर्षी मला प्रत्येक टकरीला डोळे मिटावेसे वाटायचे. काका म्हणायचे, "काय वं पुणेकर, डोळे मिटले तर दिसन कसं? आपल्याले पगार पाहाचाच भेटते."

मी पुण्याची, हे त्यांनी पहिल्याच दिवशी गळ्यात बांधलं ते सुटलं नाही. पुण्यात फिजिओथेरपी, इथे मास्टर्स, असा ताठा घेऊन मी असिस्टंट म्हणून रुजू झाले होते. काकांनी माझी कागदपत्रं पाहिलीसुद्धा नाहीत. टेपचा एक रोल हातात दिला, बूट-मोजे काढले आणि स्वतःचा घोटा टेबलावर ठेवला. "बांध." मी बांधला. ते वीस पावलं चालले, परत येऊन बसले. "सोड. परत बांध." सातव्यांदा बांधून झाल्यावर म्हणाले, "पुण्यात पार्सलं बांधत होती का वं तू?" रडू आलं होतं मला. आठव्या वेळी त्यांनी सरळ मोजे चढवले. तेव्हा कळलं, बाई, जमलं.

खेळाडूच्या अंगाला हात लावण्याआधी ते दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करायचे. जॉर्जियातल्या ऑगस्टमध्ये सुद्धा! दुपारी काकूंनी दिलेला डबा उघडायचे, पोहे, आणि वेगळ्या थर्मासमध्ये लालभडक तर्री. एकदा एका धिप्पाड पोरानं फुशारकीनं चमचाभर तर्री तोंडात ओतली आणि बर्फाच्या टबात तोंड बुडवलं. काकांच्या टेबलावर सूट घातलेल्या, चष्मेवाल्या, हातात जाड पुस्तक धरलेल्या एका गृहस्थांचा फोटो होता. पोरं विचारायची, हे कोण? काका म्हणायचे, "माझ्या आजोबांचे वकील." पोरांना ते पटायचं. वकील चांगला असावा, असं म्हणून निघून जायची.

दोन गोष्टी मात्र सगळ्या टीमला पाठ होत्या. एक म्हणजे, काका कधीच "होईल बरं" म्हणायचे नाहीत. कितीही विचारा, "पाहू." पोरंसुद्धा त्यांना मराठीत विचारायला शिकली होती, "काका, पाहू?" दुसरी गोष्ट टोपीची. दुखापत मोठी असली, वर्ष गेलं असं सांगायची वेळ आली, की काका टोपी काढून हातात घ्यायचे. बोलायच्या आधी. त्यांच्या लक्षातसुद्धा यायचं नाही बहुतेक. पण मैदानावर पडलेल्या मुलाजवळ गुडघ्यावर बसलेल्या त्या बुटक्या माणसाचा हात टोपीकडे गेला, की आमच्या बाजूच्या बाकावर सगळे गप्प व्हायचे.

कोचेसच्या मीटिंग रूममध्ये एक पांढरी पाटी होती. प्रत्येक जागेखाली तीन-तीन नावं, चुंबकाच्या पट्ट्यांवर. वरचा खेळणार, त्याला काही झालं तर खालचा, त्यालाही झालं तर त्याच्या खालचा. पट्टी हिरवी म्हणजे धडधाकट, पिवळी म्हणजे शंका, लाल म्हणजे या वर्षापुरता संपला. दर मंगळवारी सकाळी काका आत जाऊन रंग बदलायचे. लाल पट्टी बाजूच्या एका कोपऱ्यात सरकायची आणि खालचं नाव वर चढायचं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "नेक्स्ट मॅन अप." काका त्याखालून जाताना दरवेळी पुटपुटायचे, "बाप्पा, काय भयानक लिहून ठेवलं हे." मला तेव्हा त्यात भयानक काही वाटायचं नाही. पुढचा तयार राहो, एवढंच तर म्हणतायत.

आता मोजण्याचं. डोक्याला मार लागला की मेंदू ठीक आहे का, हे तपासायला इथे कॉम्प्युटरवर चाचणी असते. ऑगस्टमध्ये सगळ्यांची एकदा घेतात, आणि मार लागल्यावर परत घेऊन तुलना करतात. पोरं महाबिलंदर. ऑगस्टमध्ये मुद्दाम चुकतात. म्हणजे पुढे खरंच डोकं गरगरलं तरी आकडे तेवढेच येतील आणि कुणी बाहेर बसवणार नाही. काका म्हणायचे, "हे पोट्टे ऑगस्टमध्येच मठ्ठ होऊन बसते, ऑक्टोबरमध्ये कामात यावं म्हणून." त्यावर काकांनी स्वतःचा उपाय काढला होता. नवीन आलेल्या प्रत्येकानं आठवड्याभरात मराठीत एक ते दहा शिकायचं. सुलटं आणि उलटं. शनिवारी सगळ्या टीमसमोर म्हणून दाखवायचं. जो अडखळेल त्यानं बर्फाचे डबे वाहायचे. तिथे कुणी मुद्दाम चुकत नसे. शंभरेक पोरांसमोर हसं कोण करून घेणार? मग मॅचमध्ये कुणी डोकं धरून बाहेर आला, की नेहमीच्या तपासण्या व्हायच्याच, शिवाय काका त्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचे, "दहा से एक. चलो."

आणि ते चालायचं. माझ्या पहिल्याच वर्षी आमचा सगळ्यात वेगवान धावणारा मुलगा टक्कर होऊन बाहेर आला. सगळं ठीक, डोळे ठीक, तोल ठीक. "दहा, नऊ, सात, सात..." म्हणाला आणि हसला. काकांनी त्याचं हेल्मेट काढून घेतलं, बाकावर ठेवलं आणि त्यावर बसले. अक्षरशः बसले! मॅच संपेपर्यंत. तो पोरगा समोर उभा राहून ओरडतोय, रडतोय, कोच येऊन उभे राहिले, काका हललेच नाहीत. "आठ गेला त्याचा," एवढंच म्हणाले. आम्ही ती मॅच हरलो. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मॅचमधलं काहीच आठवत नव्हतं, काका हेल्मेटवर बसले होते हेसुद्धा. त्याच्या आईनं काकांना घरी बेक केलेला केक पाठवला. त्या आठवड्यात मी पुण्याला आईला फोन करून सांगितलं, माझा बॉस देवमाणूस आहे. काय ते आपलं बोलून जातो आपण.

डेव्हन मला त्याच वर्षी भेटला. दक्षिण जॉर्जियातल्या एका लहानशा गावचा. आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. तो लाइनबॅकर होता, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या मधोमध उभं राहून समोरून येणाऱ्याला आडवा करायचा. अंगानं थोराड, आवाज मात्र बारीक, आणि बोलणं इतकं गोड की वाटायचं हा कुणाला धक्का तरी कसा मारतो. पाटीवर त्याचं नाव त्याच्या जागेत तिसरं. काकांचे आकडे तो दोन दिवसांत शिकला. आठमधला ठ तर असा खणखणीत म्हणायचा की मी हसून हसून दमले. काका मला पुणेकर म्हणतात म्हणून तोही म्हणायला लागला. "गुड मॉर्निंग, पुणेकर!" अख्ख्या कॉलेजात मला त्या नावानं हाक मारणारे हे दोघेच.

काकांचा आणि त्याचा एक खेळ होता. रोज प्रॅक्टिसच्या आधी काका त्याचा घोटा बांधायचे आणि बांधता बांधता डेव्हन दहापासून उलटं मोजायचा. त्याचं "एक" म्हणून होण्याआधी काकांचा शेवटचा वेढा पडलाच पाहिजे. कधी तो भरभर म्हणून काकांना हरवायचा, कधी काका जिंकायचे. मग दुसरा घोटा, परत दहा ते एक. रोज. दोन वर्षं. मी शेजारच्या टेबलावर दुसऱ्याचे घोटे बांधत ऐकत असायचे. छान वाटायचं ऐकायला.

तिसऱ्या वर्षी सीझन सुरू झाला आणि आमच्यावर काय संक्रांत आली कोण जाणे. तिसऱ्याच मॅचमध्ये पहिल्या क्रमांकाचा लाइनबॅकर, चौथ्या वर्षाचा, सगळ्यांचा लाडका, कुणीही न धडकता नुसता वळताना पडला. काका आणि मी धावलो. काकांनी हात घासले, त्याची पोटरी धरून हलकेच पुढे ओढली. जिथे थांबायला हवं तिथे ती थांबली नाही. मी बघितलं, काकांचा हात टोपीकडे गेला. तो मुलगाही बघत होता. "नाही काका, टोपी नको. प्लीज, टोपी ठेवा," असं म्हणत त्यानं काकांचं मनगट धरलं. त्या मुलानं पुढे कॉलेज सोडलं. त्याचं काय झालं मला ठाऊक नाही, आणि ती मला लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, कारण त्याच्या हाताची पकड मला अजून आठवते.

मंगळवारी पट्टी लाल झाली. दुसरा वर चढला. तीन आठवड्यांनी त्याचा खांदा निखळला. पुन्हा लाल. आता सगळ्यात वर डेव्हन. त्याच्या खाली फक्त नुकता शाळेतून आलेला, अंगानं अर्धा असलेला एक मुलगा, आणि त्याच्या खाली पाटीचा पांढरा पत्रा. दुसऱ्या जागांचीही तीच गत. काही पोरं दुखापतीनं गेली, काही दुसऱ्या कॉलेजात निघून गेली होती. काका पाटीसमोर उभे राहून म्हणाले, "पुणेकर, मानसंच नाई राहिले वं."

कोच वाईट माणूस होता असं लिहिलं की सोपं होईल. पण नव्हता. त्यानं काकांना एकदाही म्हटलं नाही की अमक्याला खेळव. तो फक्त दर मंगळवारी कॉफीचे दोन कप घेऊन आमच्या खोलीत यायचा, एक काकांना द्यायचा आणि दाराला टेकून उभा राहायचा. काका घोटे बांधत असायचे. कोच बघत असायचा. कॉफी संपली की "थँक्स, डॉक" म्हणून जायचा. काका डॉक्टर नव्हते, तरी डॉक. त्या महिन्यात काकांनी ती कॉफी प्यायचं सोडलं. कप तसाच टेबलावर थंड व्हायचा, आणि काका डेव्हनचा घोटा बांधताना पूर्वीसारखे हसत नसत. मोजणं मात्र चालू होतं. डेव्हनचा वेग इतका वाढला होता की शब्द वेगळे ऐकूच येत नसत.

एकदा मी म्हटलंसुद्धा, "काका, हा झोपेतपण म्हणेल." काका हसले. "म्हणू दे ना वं. आपलं काही शिकला तर बिघडलं काय?"

आता तो शनिवार. दुपारची मॅच, लख्ख ऊन, छान हवा. तिसऱ्या भागात समोरच्या टीमच्या एका मुलाचा पाय मोडला. दोन्हीकडचे डॉक्टर मैदानात त्याच्यापाशी होते, ॲम्ब्युलन्स आत येत होती. त्याच्या आधीच्याच टकरीत डेव्हनचं डोकं कुणाच्या तरी गुडघ्यावर लागलं होतं. तो उठला, स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला. आधी चुकून आमच्याच टीमच्या चढाई करणाऱ्यांच्या बाकावर बसला, मग उठून हसला. मी पाण्याची बाटली दिली. त्यानं घेतली, प्यायला, परत दिली.

"थँक यू, मॅम," म्हणाला.

मॅम. दोन वर्षांत त्यानं मला कधी मॅम म्हटलं नव्हतं. मला ते खटकलं, साफ खटकलं. मी बाटली हातात धरून उभी राहिले. तोवर काका त्याला कडेच्या निळ्या तंबूत घेऊन गेले होते. तपासणीसाठी असतो तो, लोकांच्या नजरेआड. मी तंबूच्या तोंडाशी गेले. काकांचं बोट डावीकडे-उजवीकडे, डेव्हनचे डोळे त्याच्या मागे, बरोबर. एका पायावर उभा राहिला, बरोबर. बाहेर खेळ परत सुरू झाला होता, डॉक्टर अजून त्या ॲम्ब्युलन्सपाशीच होते. मैदानात तो नवा मुलगा डेव्हनच्या जागी उभा होता आणि समोरचे त्याला दरवेळी आडवा करत होते. प्रेक्षक ओरडत होते. कोच दहा पावलांवर, आमच्याकडे पाठ करून. काहीही न विचारता.

"दहा से एक. चलो," काका म्हणाले.

"दहा नऊ आठ सात सहा पाच चार तीन दोन एक." एका दमात. ठसुद्धा खणखणीत.

काकांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मीही पाहत होते. तोंडाशी आलं होतं, काका, याने मला मॅम म्हटलं. पण मला वाटलं, काकांनी तपासलंय, मी कोण? ज्या माणसानं आठ गेला म्हणून हेल्मेटवर बसून मॅच घालवली, त्याला मी सांगू? आणि किती क्षुल्लक वाटतं ते बोलायला! मी बोलले नाही. काकांनी हेल्मेट त्याच्या हातात दिलं.

त्यानंतरची टक्कर अगदी साधी होती. तशा दिवसातून पन्नास होतात. डेव्हन पडला, उठला, चार पावलं चालला, मग कुणी सांगितल्यासारखा गुडघ्यांवर बसला आणि बाजूला कलंडला. काका माझ्या आधी पोचले. त्यांनी हात घासले नाहीत. मी पोचले तेव्हा त्यांची टोपी गवतावर उलटी पडली होती.

तो वाचला. डोक्याचं ऑपरेशन झालं, कित्येक आठवडे हॉस्पिटल झालं, आणि तो वाचला. चौकशी झाली. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं, असं कागदावर आलं. तपासणी केली होती, नोंद होती, सही होती. काकांना कुणी बोट लावलं नाही. मंगळवारी काका पाटीपाशी गेले, डेव्हनची हिरवी पट्टी काढली, आणि लाल न लावता ती खिशात टाकून बाहेर आले. खालचं नाव दुसऱ्या कुणीतरी वर सरकवलं. त्याच दुपारी काकांनी राजीनामा दिला. काकू अल्फारेट्याला आयटीत होत्या, घर तिथेच होतं. मी भेटायला गेले तेव्हा फ्रिजवर ती हिरवी पट्टी होती. काकू हळूच म्हणाल्या, "मी दूध काढायला गेले ना, तरी ते तिकडे बघतात."

हॉस्पिटलात डेव्हनच्या आईनं आम्हाला एक सांगितलं होतं. रागानं नाही हो, कौतुकानं. म्हणाल्या, सुट्टीत घरी आला की सकाळी दात घासताना म्हणायचा ते तुमचे आकडे. मी विचारलं, काय रे हे? तर म्हणाला, ममा, जोवर हे मला म्हणता येतंय तोवर मला कुणी बाहेर काढू शकत नाही. काका ऐकत होते. त्यांनी मला मराठीत विचारलं, "काय म्हणाली ती? परत सांग." त्यांना कळलं होतं. इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं त्यांचं. मी मराठीत सांगितलं. काका म्हणाले, "रोज मीच तर घोकून घेतलं त्याच्याकडून. टेप गुंडाळता गुंडाळता. डोकं फुटलं तरी जाणार नाई असं पाठ करून घेतलं वं मी."

मी पण नोकरी सोडली. इथे चँडलरला एका क्लिनिकमध्ये म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवायचं काम मिळालं. निघायच्या आदल्या रविवारी काकांचा फोन आला. दर दुसऱ्या रविवारी ते डेव्हनच्या गावी जायचे, साडेतीन तास ड्राइव्ह करून. "येते का?" एवढंच विचारलं.

वाटेत दोन्ही बाजूंना पेकनची झाडं, दोन तास मी तीच बघत राहिले. मग बोलले. मॅमचं सांगितलं. बाटली, बाक, सगळं. काका गाडी चालवत राहिले. मला वाटलं म्हणतील, जाऊ दे, तुझा काय दोष. बरेच मैल गेले.

"मी त्या दिवशी सांगितलं असतं तर," मी विचारलं, "तुम्ही ऐकलं असतं का?"

"हाव," काका म्हणाले. "तुझं ऐकलं असतं वं."

मग पुढच्या पेट्रोल पंपावर थांबून त्यांनी माझ्यासाठी पाणी आणलं. झाकण उघडून दिलं.

डेव्हन घराच्या पुढच्या पडवीत खुर्चीवर बसला होता. बारीक झाला होता. डोक्यावर एका बाजूला केस नव्हते. आम्ही पायऱ्या चढलो तसं त्यानं माझ्याकडे बघून सभ्यपणे मान लववली. "हॅलो, मॅम." मी हॅलो म्हटलं. मग त्याला काका दिसले आणि चेहरा असा फुलला, की मला आत जाऊन त्याच्या आईच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. सकाळी काय खाल्लं ते त्याला सांगता आलं नाही. कुठलं वर्ष, तेही नाही. काका त्याच्या समोर स्टूल ओढून बसले. डेव्हननं आपला उजवा पाय उचलून काकांच्या मांडीवर ठेवला, सवयीनं, आणि काही न विचारता सुरू केलं.

"दहा नऊ आठ सात सहा पाच चार तीन दोन एक."

एका दमात. एकही चूक नाही.

म्हणून झाल्यावर तो उठला. खुर्चीचा हात धरून, डुगडुगत, पण उठला. इकडेतिकडे हेल्मेट शोधायला लागला. त्याच्या आईनं दारातून मला हळूच सांगितलं, दरवेळी असंच होतं. डेव्हन काकांकडे वळला. "ऑल गुड, काका? आत जाऊ मी?"

काकांनी टोपी काढली.

"नाही बेटा," ते म्हणाले. "आज नाही."

डेव्हनचा चेहरा पडला. त्या दिवशी, त्या निळ्या तंबूत, पडायला हवा होता तसा पडला. तो परत खुर्चीत बसला, पाय पुढे केला. मग विचारलं, "पुढच्या शनिवारी?"

काकांनी दोन्ही तळवे एकमेकांवर घासले, गरम केले, आणि त्याचा घोटा हातात घेतला.

"पाहू," म्हणाले.